आत ये म्हणायचं कोणी

३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तुझी अट दोनदा वाचली. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा डोक्याला हात लावून बसले. "अप्पा स्वतःच्या तोंडाने आत ये म्हणाले तरच उंबरठा ओलांडीन, नाहीतर फुटपाथवरूनच तुला भेटून परत जाईन." नऊ वर्षांनी माहेरी येणारी मुलगी असं लिहिते. बाप एक नमुना, तर लेक दुसरा. माझं म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

तू निघालीस तेव्हा अप्पा म्हणाले होते, "आता या घरात पाऊल टाकायचं नाही." आणि तू बॅगेची चेन ओढता ओढता म्हणालीस, "नाहीच टाकणार." रागाच्या भरात माणसं काय वाटेल ते बोलतात आणि आठ दिवसांत विसरतात. आपलं घर पडलं लाँड्रीवाल्याचं. आपण ते शब्द धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवले.

मे महिन्यात येताय, आठवडाभर राहणार, आणि त्यानंतर तुझ्या सासूबाईंकडे समुद्रापार कायमचे जाणार, हे वाचून पत्र हातातून खाली ठेवलं. तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं. यानंतर तू येणार नाहीस. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या आठवड्यातच व्हायला हवं.

आणखी एक. "तिला तिच्या बाबाचीच भाषा येते," हे तू लेकीबद्दल इतकं सहज लिहून टाकलंस. मला वाईट वाटलं. तुझा राग अप्पांवर होता, मग आपल्या भाषेने तुझं काय घोडं मारलं होतं? भाची माझी, आणि तिच्याशी बोलायचं तर मध्ये दुभाषा लागणार.

अप्पा बरे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना आधी न दिसणारे डागही दिसायला लागलेत. इस्त्रीकडे आता येत नाहीत, मागच्या टेबलावर बसून फक्त डाग काढतात. तू येतेस हे मी त्यांना सांगितलं. ब्रश न थांबवता म्हणाले, "येऊ दे की. रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

म्हणजे रस्त्यापर्यंत परवानगी आहे. बाकीचं बघते.

तुझी,
ताई


१ मार्च

धाकटे,

पत्राला उशीर झाला. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर हल्ली मला एक काम असतं. काय ते विचारू नकोस. पन्नाशीला आलेल्या बाईला काय काम असणार, असं म्हणून हसूही नकोस. वेळ आली की कळेल.

घरातलं सगळं जागच्या जागी आहे. वरच्या खोलीला रंग दिला. अप्पांनी विचारलं, "कोण येणारे?" मी म्हटलं, "कोणी नाही, भिंतीला पोपडे आले होते." त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पोपडे आले होते खरे," म्हणाले. आम्ही दोघंही एकमेकांशी किती छान खोटं बोलतो बघ.

लेकीचा फोटो मिळाला. नाक तुझं आहे. ओठ दाबून उभं राहायची तऱ्हा कोणाची आहे हे सांगायला नको. फोटो मी काउंटरवर ठेवला होता, तो दुपारी डागांच्या टेबलावर गेला. मी शोधला नाही.

ताई


२६ मार्च

धाकटे,

आता सांगूनच टाकते, नाहीतर माझं पोट फुटेल. मी स्पॅनिश शिकतेय.

तुला न विचारता, तुझ्या लेकीला आल्या आल्या चकित करायचं, असा माझा बेत होता. पण महिना झाला, गुपित एकटीला पेलवेना.

भाषा कोणती हे मी शोधलं कसं, ते ऐक. तुझा नवरा पहिल्यांदा दुकानात आला तो आठवतो? जहाजावरचा स्वयंपाकी, हातात चार पांढरे कोट, चारींवर रश्श्याचे डाग. अप्पा आजही म्हणतात, डाग काढायला आला आणि मुलगी घेऊन गेला. त्या चारातला एक कोट इथेच राहिला. न नेलेला कपडा टाकायचा नाही, हा अप्पांचा नियम तुला ठाऊक आहे. मधूनमधून तो कोट काढतात, वाफ देतात, परत टांगतात. "कशाला?" विचारलं तर म्हणतात, "गिऱ्हाइकाचा माल आहे." तर त्या कोटाच्या कॉलरच्या आत एक लेबल आहे, कसा धुवायचा ते लिहिलेलं. आपण माणसं कपड्यांवरून ओळखणारी. मी लेबल वहीत उतरवलं आणि मागच्या गल्लीतल्या बाईंना दाखवलं. त्या शाळेत परक्या भाषा शिकवतात, लांब लांब स्कर्ट आपल्याकडे टाकतात. त्या म्हणाल्या, "स्पॅनिश." झालं. त्या दिवसापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी बाई दुकानात येतात.

बाईंची शिकवायची पद्धत विचित्र आहे. पाठांतर नाही. जो शब्द शिकायचा ती गोष्ट करायची. पहिल्याच दिवशी क्रियापद दिलं, 'एन्त्रार'. म्हणजे आत येणं. "आता बाहेर जा, दार उघडा, आत या आणि म्हणा." मी गेले, आले, म्हटलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. दाराची घंटा वाजतेय, मी स्वतःच्याच दुकानात येरझाऱ्या घालतेय. तेवढ्यात पडदे न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक फुटपाथवरच थांबलं. म्हणालं, "आत काही झालंय का?" बाईंनी त्यालाही म्हणायला लावलं.

कोणाला आत बोलवायचं असेल तर म्हणायचं, 'एन्त्रा'. आत ये. किती छोटा शब्द आहे बघ.

अप्पा हे सगळं पेपराआडून बघतात. पेपर सकाळचा असतो, वाचून झालेला असतो. परवा मी एक रूप चुकले तर पेपराआडून बरोबर रूप आलं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीही शिकताय?" म्हणाले, "मग काय कानात बोळे घालून बसू?"

मला वाटलं, हीच संधी. बाई गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, नात दारात आली की एवढा एकच शब्द तिला म्हणा. परक्या भाषेत म्हटलेलं कोण धरतंय?" त्यांनी पेपराची घडी घातली. "लेकीला म्हणायचं ते नातीला म्हणून भागत नाही. आणि परक्या भाषेत मोडलेला शब्द मोडत नाही होय? त्यापेक्षा सरळ आपल्या भाषेत मोडेन."

मी म्हटलं, "मग मोडा की."

घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. पण नाहीही म्हणाले नाहीत. मी सध्या एवढ्यावरच जगतेय.

ताई


१८ एप्रिल

धाकटे,

हस. पोटभर हस. तुझ्या पत्रातली पहिली ओळ वाचून मी खाली बसले. तुझा नवरा पोर्तुगीज बोलतो, आणि तो कोट त्याने दुसऱ्या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याकडून घेतला होता. डागावरून जेवणात काय होतं ते सांगणारी मी, लेबलावर फसले.

अप्पांना सांगावं की नाही, असं झालं होतं. शेवटी सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "दोन महिने दुसऱ्याच्याच दारातून आत-बाहेर करत होतीस," म्हणाले. तू गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हा चूक अगदीच फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

बाईंना सांगितलं तेव्हा मात्र मला रडू आलं. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसवून समजावलं. म्हणाल्या, या सगळ्या भाषा बहिणी आहेत. यांची आई लॅटिन. ती गेली, आणि मुली दूरदूरच्या घरी जाऊन राहिल्या. प्रत्येकीचं बोलणं बदललं, खाणंपिणं बदललं. पण आईकडून नेलेल्या काही वस्तू अजून घरोघरी तशाच आहेत, आणि 'एन्त्रार' त्यातलीच एक. स्पॅनिशमध्ये एन्त्रार, पोर्तुगीजमध्येही तेच. इटालियन बाईने मागे थोडं शेपूट लावलंय, एन्त्रारे. फ्रेंच बाई तेवढी नाकातून बोलते. "आणि 'आत ये' म्हणायला तुमचा 'एन्त्रा' तुमच्या भाचीला नक्की कळेल," म्हणाल्या. "बाकी जमेल तेवढं आता पोर्तुगीज करू. मलाही ती थोडीच येते, दोघी मिळून चुकू."

मी दुकानातून वर घरात आल्यावर बराच वेळ त्याच विचारात होते. त्या बहिणींना एकमेकींचं तोंड पाहून किती शतकं झाली कोण जाणे, तरी सगळ्यांनी तो शब्द सांभाळला. आमच्याकडे दोन माणसांना तो आपल्याच भाषेत तोंडातून काढता येत नाही.

धाकटे, तू जरा वाकतेस का? मी हे अप्पांनाही विचारलंय, म्हणून तुला विचारायचा मला हक्क आहे. ते थकलेत. वर चढताना कठड्याला धरतात. तू नुसती आत आलीस तर ते तुला बाहेर काढणार नाहीत, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तू म्हणशील, न काढणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. ते मलाही कळतं. तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. मला तू हवी आहेस, एवढंच म्हणतेय.

ताई


९ मे, संध्याकाळ

धाकटे,

तू तीन गल्ल्या पलीकडे लॉजवर बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. लोक हसतील. पण मी स्वतः आले तर कालच्यासारखी तुझ्या गळ्यात पडून रडेन आणि सांगायचं ते राहूनच जाईल. शिवाय अप्पांनी बजावलंय, "लिहून दे. तोंडी निरोपाला ती फाटे फोडेल." पत्र तुझा नवरा घेऊन येईल. तो इथेच काउंटरवर टेकून उभा आहे, अप्पांचा शर्ट घालून. का, ते पुढे येतंच.

आज दुपारी तो लेकीला घेऊन आला. मी दार उघडून धरलं आणि तीन महिने घोकलेला शब्द म्हटला, "एन्त्रा." तिला कळला. तिचा चेहरा खुलला, आणि मला इतका आनंद झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती जागची हलली नाही. मान हलवली आणि मागे बसलेल्या अप्पांकडे बोट दाखवलं. तुझ्या नवऱ्याने खाली बघत, मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "आईने सांगितलं आहे. आजोबा म्हणाले तरच."

त्या क्षणी मला तुझा असा राग आला की सांगायची सोय नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपला हट्ट ठेवून पाठवलंस तिला. ती बिचारी चपलेची टोकं उंबरठ्याला लावून, ओठ दाबून उभी. चादरी घेऊन आलेल्या एक बाई तिला वळसा घालून आत आल्या, तरी ती हलेना.

अप्पा एका कॉलरवर ब्रश फिरवत होते. तो डाग केव्हाच निघाला होता, हे मला दिसत होतं. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील. ते उठले, आपलं स्टूल उचललं, काउंटरची फळी वर केली, आणि माझ्यासमोरून, पोरीच्या बाजूने, दाराबाहेर गेले. स्टूल फुटपाथवर मांडून तिच्याशेजारी बसले.

मी बघतच राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिला आत येऊ नको म्हटलं होतं. मी बाहेर जाणार नाही असं कधी म्हटलं होतं?"

नऊ वर्षं, धाकटे. नऊ वर्षांत हे आपल्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बसले तर खरे, पण बोलणार काय? ती त्यांच्याकडे बघतेय, ते रस्त्याकडे बघतायत. मग त्यांची नजर तुझ्या नवऱ्याच्या शर्टावर गेली. खिशाखाली तेलाचा डाग होता. इतक्या वर्षांनी सासऱ्यासमोर उभा राहतो आणि डागाचा शर्ट घालून, कमाल आहे तुझ्या नवऱ्याची. अप्पा म्हणाले, "काढ." तो बिचारा घाबरला. मी म्हटलं, "शर्ट काढा, जावईबापू. त्यांना डाग बघवत नाही." आणि तुझा नवरा भर रस्त्यात बनियनवर उभा राहिला.

मग अप्पांनी माझ्याकडून बाटली, फडकं, ब्रश सगळं बाहेर मागवलं. शर्ट मांडीवर पसरला. पोरीचा हात धरून फडकं तिच्या बोटांत दिलं आणि दाखवलं. डाग बाहेरून आत टिपत जायचा, आतून बाहेर गेलं की पसरतो. आपल्याला याच वयात दाखवलं होतं, आठवतं? तुझी लेक जीभ बाहेर काढून टिपत होती. अप्पा मराठीत सांगत होते, ती पोर्तुगीजमध्ये विचारत होती, आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. माझं तीन महिन्यांचं शिक्षण दारात उभं राहून बघत होतं.

डाग फिकट झाला, राहिलं वाफेचं काम. अप्पांनी आतल्या मशीनकडे बोट दाखवलं. पोरीने शर्ट उचलला आणि गेली की सरळ आत. तुझी अट, तुझा निरोप, सगळं विसरली. मशीनपाशी पोचली, वळून पाहते तर आजोबा बाहेरच. ती परत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "एन्त्रा, अव्हो." अव्हो म्हणजे आजोबा, तुझ्या नवऱ्याने सांगितलं. अप्पा बसूनच राहिले. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, समजत नसलेल्या माणसाला समजावून सांगावं तसं.

ते उठले. स्वतःच्या दुकानाच्या दारात क्षणभर थांबले. तिने त्यांचं बोट धरलं आणि त्यांना आत आणलं. मी कपड्यांच्या मागे जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा मशीनची वाफ सुटली होती आणि दोघं त्यात उभे होते.

तुझी लेक वर जाऊन रंगवलेल्या खोलीत झोपली. तिच्या बाबाचा शर्ट ओला, म्हणून अप्पांनी आपला काढून दिला. मग माझ्याशेजारी येऊन बसले. "मला आत ये म्हणायला त्या पोरीला काहीच जड गेलं नाही," म्हणाले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. हल्ली मला गप्प कधी बसायचं ते कळतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "कागद घे." पुढचं त्यांच्याच शब्दांत देते.

"तिला लिही, उद्या सकाळी मी तिच्या लॉजवर येतो. खोलीच्या दाराबाहेर उभा राहीन. ती आत या म्हणाली तर आत जाईन. नाही म्हणाली तर परत येईन, रागावणार नाही. दारात उभं राहून वाट बघायची ती आधी मी बघतो. बाप मी आहे. नंतर ती माझ्या दारात येईल तेव्हा मी म्हणेन. आपल्या भाषेत म्हणेन."

मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर." मग उद्यासाठी कपाटातून एक शर्ट काढला आणि स्वतः इस्त्रीला उभे राहिले. मला हात लावू दिला नाही. पाठीची चुणी राहिलीय, मी सांगितलेलं नाही.

लॉजची लिफ्ट बंद आहे हे मात्र सांगितलं. "चढेन," म्हणाले. तेव्हा धाकटे, तुला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. फक्त दार वाजलं की लगेच उघड. जिना चढून आल्यावर त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

ताई